आठ खुर्च्यांचा डाव

आठव्या खुर्चीवर क्रेनवाली पहिल्यांदा येऊन बसली ती तोंड फुगवूनच. सिस्टरने सुया टोचल्या, नळ्या चिकटपट्टीने हातावर बसवल्या, डायलिसिसचं यंत्र सुरू केलं आणि आता चार तास हा हात हलवायचा नाही असं बजावून ती दुसरीकडे वळली. क्रेनवालीने मान फिरवून पाहिलं. भिंतीला लागून आठ खुर्च्या, प्रत्येकीशेजारी एक यंत्र, आणि सातही खुर्च्यांवरची माणसं हातात मोबाईल धरून तिच्याकडेच टक लावून बघत होती.

"मोबाईल आहे?" पहिल्या खुर्चीवरच्या म्हाताऱ्याने विचारलं. नाव नाही, गाव नाही, कसं वाटतंय नाही. एकदम मोबाईल.

"आहे. का?"

"चार्जिंग?"

तिला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. पण डोकं फिरलेलं नव्हतं. आठव्या खुर्चीवरचे गृहस्थ मुलाकडे दुसऱ्या गावी राहायला गेल्याला तीन आठवडे झाले होते, आणि तीन आठवडे या खोलीत एकही डाव झाला नव्हता. माणसं अक्षरशः उपाशी होती.

डाव रणपटाचा. मोबाईलवरचा खेळ, एका वेळी आठ जण खेळतात. दर फेरीला पाच मोहरे समोर येतात. हवा तो घ्यायचा, नको तो सोडायचा. सारखे तीन जमले की त्यांचा मिळून एक दांडगा मोहरा होतो. एका कुळाचे चार पटावर असले की त्या अख्ख्या कुळाला बळ चढतं. कोण पुढे, कोण मागे, कोण कोपऱ्यात हे ठरवून पट मांडायचा, आणि मग लढाई आपोआप होते. ती चालू असताना कुणालाही बोट लावता येत नाही. हरला की प्राण कमी होतात, शेवटी उरेल तो जिंकला. एका हाताने खेळता येतो, घाई लागत नाही, आणि चार तासांत पाच-सहा डाव आरामात होतात. ज्याने कुणी हा खेळ काढला त्याने डायलिसिस पाहिलं असलं पाहिजे, असं तिसऱ्या खुर्चीवरच्या काकू म्हणायच्या.

बाकीच्या जगात माणसं कमी पडली तर खेळ रिकाम्या जागी आपलाच एक यांत्रिक खेळाडू बसवतो. या खोलीत ते चालत नसे. आठही खुर्च्या भरल्याशिवाय डाव उघडायचा नाही, हा पहिल्या खुर्चीवरच्या म्हाताऱ्याचा, म्हणजे मास्तरांचा, कायदा. "यंत्राशीच खेळायचं तर शेजारी एक आहेच की," मास्तर म्हणत. एखादा आला नाही तर उरलेले सात चार तास छताकडे बघत बसत आणि न आलेल्याच्या नावाने बोटं मोडत.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. तयार कपड्यांच्या कारखान्यातले कटिंग मास्तर. अडतीस वर्षं त्यांनी लांबलचक टेबलावर कापडाचे थर पसरून, वर कागदी नमुने मांडून, पात्याच्या मशिनने शर्ट-पॅन्टी कापल्या. वय सहासष्ट, अंगकाठी किरकोळ, मिशी मात्र एखाद्या पैलवानाला शोभेल अशी. पाण्याच्या बाबतीत अट्टल लबाड. दिवसाला एवढंच पाणी प्यायचं असं डॉक्टरांनी आखून दिलेलं, तर हे बर्फ चघळायचे आणि म्हणायचे, बर्फ खातात, पीत नाहीत. हरले की अर्धा तास कुणाशी बोलत नसत. पण ते हरत फार क्वचित.

क्रेनवालीचा पहिला डाव बघण्यासारखा झाला. तिने अकरा वर्षं इमारतींच्या कामावर उंच क्रेन चालवली होती. वर काचेच्या खोपट्यात एकटीने बसायचं, दोन लीव्हर दोन हातांत, आणि टनाटनांची ओझी अलगद जागेवर ठेवायची. तिने पटावरही तेच केलं. सगळ्यात महागडा, सगळ्यात थोराड राक्षस घेतला आणि बाकीचे लहानसहान मोहरे त्याच्या टेकूला लावले. लढाई सुरू झाली. राक्षसाला चौघांनी घेरलं, आणि ती बोटाने त्याला मागे ओढायला लागली. राक्षस हलेना. तिने जोरात बोट दाबलं, मग अंगठा. राक्षस पडला.

"क्रेनताई, इथे लीव्हर नाही," मास्तर म्हणाले.

"मग मी करायचं काय?"

"काय करायचं ते आधी करायचं. नंतर बघायचं."

"म्हणजे हातावर हात धरून बसायचं? शी. हा काय खेळ झाला?"

ती आठवी आली. दुसऱ्या डावातही आठवी. पाचव्या खुर्चीवरचा बँकेतला गार्ड हसून म्हणाला, "वर बसून शेळ्या हाकायची सवय ना." तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुढचे दोन डाव गप्प राहिला.

हळूहळू तिच्या लक्षात आलं की प्रत्येक जण आपापल्या धंद्यासारखाच पट मांडतो. गार्ड सगळी माणसं दारात उभी केल्यासारखी पुढच्या रांगेत ठेवायचा. मागे कुणीच नाही, त्यामुळे एकदा फळी फुटली की खेळ खलास. काकूंची खानावळ होती, तिथे रोज वीस पदार्थ लागत. त्या प्रत्येक कुळातला एकेक घ्यायच्या, कुणालाही नाही म्हणणं जिवावर येई, आणि त्यांचा पट म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या. मास्तर मात्र काहीच न घेता बसून राहायचे. पहिल्या चार-पाच फेऱ्या ते नुसते हरत. त्यांचे प्राण कमी होत, मिशी जागची हलत नसे. दर फेरीला ते बाकीच्या सातही जणांचे पट उघडून बघत आणि स्वतःशीच मान डोलवत.

"तुम्ही मारे एवढे हुशार, मग सुरुवातीला मार का खाता?" तिने एकदा विचारलं.

मास्तरांना असा प्रश्न विचारणारं माणूस आवडायचं. "कारखान्यात नवी पोरं यायची," ते म्हणाले, "ती आधी ठरवायची की आज असा शर्ट कापायचा. मग गठ्ठा उघडायची. कापडाचा पन्हा निघायचा लहान, नाहीतर मधेच डाग. मग कापडाला शिव्या. मी म्हणायचो, आधी गठ्ठा उघडा रे. कापड काय आहे ते बघा. त्यात काय बसतंय ते मग ठरवा. तू येतानाच राक्षस ठरवून येतेस."

"राक्षस दमदार असतो."

"असतो ना. म्हणून तो चौघांना हवा असतो. एकेका मोहऱ्याच्या प्रती मोजक्याच आहेत, त्या आठ जणांत वाटल्या जातात. तिसरा राक्षस तुला मिळेपर्यंत तू मेलेली असतेस. सगळे ज्याच्या मागे लागलेत त्याच्या मागे लागू नये. कुणाला नकोय ते बघावं."

आणि खरंच, नको असलेल्यांतून मास्तर जी फौज उभी करत ती बघत राहावी अशी. कुंभार नावाचं एक कुळ होतं. ते कुणाला मारत नाहीत, नुसती जखमी झालेल्या आपल्या माणसांची डागडुजी करतात. त्यांना कुणी हात लावत नसे. मास्तरांनी एकदा पाच कुंभार मागे बसवले, पुढे दोन जाडजूड ढालवाले ठेवले आणि कोपऱ्यात एकच तिरंदाज बाई. ढालवाले मरेनात. गार्डची अख्खी पलटण त्यांना झोडपत होती, कुंभार लिंपत होते, आणि ती एकटी बाई एकेकाला टिपत होती. खोलीतल्या सगळ्यांनी आपले पट सोडून तो पट पाहिला. सिस्टरही रक्तदाबाचा पट्टा हातात धरून पाहत उभी राहिली.

क्रेनवालीला सगळ्यात जास्त कशाचं कौतुक वाटलं असेल तर त्यांच्या मोडण्याचं. एकदा बाराव्या फेरीला मास्तरांचा पट जबरदस्त जमला होता. त्यांनी बाकीच्यांचे पट उघडून पाहिले, आणखी दोघं तेच कूळ जमवतायत हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि त्यांनी त्या क्षणी अर्धी फौज विकून टाकली. दोन फेऱ्या मार खाल्ला. तिसऱ्या फेरीत नवीन पट उभा राहिला तो कुणाच्याच बापाला हरेना. तिला स्वतःला असं कधी जमलं नसतं. धरलेलं सोडायचं नाही हीच तिची अकरा वर्षांची विद्या होती.

दोन महिन्यांनी एका डावात ती तिसरी आली. खोलीत टाळ्या पडल्या, एकेका हाताच्या, मांडीवर मारलेल्या. तिला मात्र शंका आली.

"मास्तर, तुम्ही सोडलंत मला."

मास्तरांचा चेहरा पडला. खरोखर दुखावले. "कापडात दया चालत नाही," ते म्हणाले. "दयेने कापलेला शर्ट कुणालाच बसत नाही. मी कुणाला सोडत नाही आणि तुला तर मुळीच नाही." त्यानंतर त्यांनी तिला लागोपाठ तीन डावांत असं धुतलं की शंकेला जागा राहिली नाही. तिने घरी जाऊन धाकट्या बहिणीला तो सगळा प्रकार हातवारे करून सांगितला. धाकटीने तिला जेवताना इतकं बोलताना बऱ्याच दिवसांनी पाहिलं होतं.

मग एका बुधवारी कामावरून पत्र आलं.

डायलिसिस झालं की तिचा रक्तदाब उतरायचा, डोळ्यांपुढे अंधारी यायची. असं माणूस तीस मीटर शिडी चढून वर जाणार कसं? पत्र नीट, अदबीने लिहिलेलं होतं. तिला क्रेनवरून काढून सामानाच्या कोठीवर नेमलं होतं, नटबोल्ट मोजून द्यायला. तिने पत्र दोनदा वाचलं आणि घडी करून भांड्यांच्या फडताळात ठेवलं. गुरुवारी पहाटे धाकटीने हाक मारली तेव्हा ती म्हणाली, "आज नाही जात."

"ताई, असं करू नकोस."

"एक दिवस नाही गेले तर आभाळ कोसळत नाही."

पण तिच्या मनात एक दिवस नव्हता. कुणासाठी आठवड्याचे बारा तास त्या खुर्चीला बांधून घ्यायचं? नटबोल्ट मोजायला? रात्रभर तिने हाच विचार केला होता आणि तिचं उत्तर ठरलं होतं. आता बास. हे ती धाकटीला स्पष्ट बोलली नाही, पण धाकटी काही दूधखुळी नव्हती. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी दोघींना समोर बसवून सांगितलं होतं की लागोपाठ दोन खेपा चुकल्या तर अंगात पाणी साठून हृदयावर येईल, तिसरीची वाट बघावी लागणार नाही. गुरुवार चुकला. उरला शनिवार.

शनिवारी सकाळी तिचे पाय सुजून खांबासारखे झाले होते. आडवं पडलं की दम लागे, म्हणून ती पलंगावर उशीला टेकून बसली होती. धाकटी सहा वाजल्यापासून विनवत होती, रडत होती, मग चिडून स्वयंपाकघरात जाऊन बसली. साडेसातला क्रेनवालीचा मोबाईल वाजला. मास्तरांनी एक चित्र पाठवलं होतं. रणपटाची सुरुवातीची चौकट, आठ घरं, सात घरांपुढे हिरवी खूण आणि आठवं घर रिकामं. खाली शब्द एकही नाही.

तिने मोबाईल पालथा ठेवला.

डाव उघडून ठेवला की खेळ वीस मिनिटं वाट बघतो, मग आपोआप बंद होतो. आठ वाजता पुन्हा चित्र आलं. तीच सात हिरवी घरं. म्हणजे म्हाताऱ्याने डाव पुन्हा उघडला होता आणि बाकीच्या सहांनीही पुन्हा खूण केली होती. साडेआठला पुन्हा. नऊला पुन्हा. तिला मास्तरांचा भयंकर राग आला. काय समजतो हा माणूस स्वतःला? खेळा की त्या यांत्रिक खेळाडूला घेऊन, मी काय मेले म्हणून तुमचं अडणार आहे? साडेनऊला चित्र आलं तेव्हा तिने ते जवळ धरून पाहिलं. काकूंचं घर हिरवं होतं. चार तास डाव नसला की काकूंचं डोकं उठायचं हे तिला माहीत होतं, आणि आज दोन तास त्या तशाच बसून होत्या. गार्डचंही घर हिरवं होतं.

दहालाही आलं. साडेदहाला मात्र चित्र आलं नाही. तिने मोबाईल हातात घेऊन पाच मिनिटं वाट पाहिली. मग दहा. छातीत धडधडायला लागलं, ते नुसतं पाण्यामुळे नव्हतं. दहा बेचाळीसला चित्र आलं, सात हिरवी घरं, आणि तिला हुंदका फुटला.

"अगं," तिने स्वयंपाकघराकडे पाहून हाक मारली, "गाडी बोलाव."

त्या दवाखान्यात पोचल्या तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. सकाळची पाळी सुटली होती. सिस्टरने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि पुढच्या पाळीतला एक जण आजारी असल्यामुळे रिकामी राहिलेली खुर्ची तिला दिली. डॉक्टर मात्र बोलले, आणि बरंच बोलले. सुया टोचल्या गेल्या, यंत्र सुरू झालं. आजूबाजूला सगळी अनोळखी माणसं होती. तिला जरा वेळाने नीट श्वास घेता यायला लागला, पण मन कशातच लागेना. सातही जण आता घरी गेले असणार. आता कुणी अडलेलं नव्हतं. आपण आलो, पण कशासाठी, हे तिचं तिलाच सांगता येईना.

मोबाईल वाजला. डावाचं आमंत्रण. सात हिरवी घरं.

तिला कळेना. तिने धाकटीला खूण केली. धाकटी दाराबाहेर डोकावली आणि तोंडावर हात ठेवून परत आली.

"ताई, सगळे बाहेर बसलेत. बाकावर."

डायलिसिस झाल्यावर माणूस पिळून काढलेल्या फडक्यासारखा होतो. उभं राहावत नाही, बोलावत नाही, कधी एकदा घरी जाऊन अंथरुणावर पडतो असं होतं. आणि ते सातही जण, हातावर कापसाचे बोळे चिकटवून, बाहेरच्या लाकडी बाकावर एकमेकांना टेकून बसले होते. ती आली तेव्हा ते पलीकडच्या खोलीत वजन करत होते, आणि ती आल्याचं सिस्टरकडून कळल्यावर घरी गेलेच नव्हते. दवाखान्याची गाडी त्यांना दर खेपेला पावणेबाराला निघून घरोघर सोडायची. ड्रायव्हरने तीनदा हॉर्न वाजवला, वर येऊन विनवण्या केल्या, शेवटी रिकामी गाडी घेऊन निघून गेला होता. गार्डच्या बायकोचे दोन फोन येऊन गेले होते. काकू डोळे मिटून बसल्या होत्या, पण मोबाईल हातात सरळ धरलेला. मास्तर पांढरेफटक दिसत होते.

क्रेनवालीने मोकळ्या हाताने आठव्या घरापुढे खूण केली.

त्या डावात तिला पहिल्या फेरीलाच राक्षस आला. तिने तो घेतला नाही. तिने सातही जणांचे पट उघडून पाहिले, सावकाश, एकेक करून. नावाड्यांचं कूळ कुणाकडेच नव्हतं. ते एकेकटे अगदी फालतू, पण शेजारी शेजारी बसवले की एकमेकांना खेचून वाचवतात. पदरी पडलं पवित्र झालं म्हणत तिने नावाडी जमवले. सुरुवातीला मार खाल्ला. सहाव्या फेरीला तिचे प्राण निम्म्यावर आले. लढाई चालू असताना तिने बोट पडद्याला लावलं नाही. हात मांडीवर ठेवून नुसती बघत राहिली. दहाव्या फेरीपासून ती हरेनाशी झाली. काकू गेल्या, गार्ड गेला, एकेक करून सगळे गेले आणि शेवटी दोघंच उरले, ती आणि मास्तर. आजूबाजूच्या खुर्च्यांवरची अनोळखी माणसंही आता तिच्याकडे बघत होती, कारण दाराबाहेरून तिला चेतवणारा काकूंचा आवाज आत येत होता.

शेवटची लढाई बराच वेळ चालली. तिचे नावाडी एकमेकांना खेचत होते, मास्तरांचे ढालवाले रेटत होते. क्षणभर तिला वाटलं, जमलं. मग मास्तरांचा एक भालावाला कडेने वळसा घालून मागे आला आणि तिची सगळी मागची रांग त्याने उभी कापली. ती हरली.

जरा वेळाने दार किलकिलं झालं आणि मास्तर चौकटीला धरून उभे राहिले. सिस्टर "मास्तर, बसा आधी" म्हणून ओरडली. त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. काय झालं, का आली नाहीस, आता बरं वाटतंय का, यातलं काही त्यांना विचारायचं नव्हतं.

"मागच्या रांगेत डावीकडचं घर उघडं ठेवलंस," ते म्हणाले. "मंगळवारी ठेवू नकोस."

"मंगळवारी तुमची मिशी उतरवते की नाही बघा," ती म्हणाली.

मास्तर मान हलवून गेले. क्रेनवाली डोळे पुसून पायाशी स्टुलावर बसलेल्या धाकटीला म्हणाली, "मंगळवारी मला साडेपाचला उठव. आणि नाही म्हटलं तर ऐकू नकोस."